उशाशी बसलेल्या माणसाची दरखास्त

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,



सरकारी इस्पितळांविषयी आपणांकडे जी पत्रे येतात त्यांत बहुधा औषधांचा तुटवडा, बंद पडलेली यंत्रे, रिक्त पदे आणि क्वचित एखाद्या वैद्याच्या उर्मटपणाची कैफियत असते. त्या तक्रारी खऱ्या असोत वा अतिशयोक्तीच्या, त्यांना निदान आपल्या दप्तरात एक फाईल असते आणि त्या फायलीचा एक धनी असतो. मी ज्या माणसाविषयी लिहीत आहे त्याची फाईलच कोणी उघडलेली नाही. तो पगारपत्रकावर नसतो, हजेरीपटावर नसतो, त्याला गणवेश नसतो आणि टेकायला खाटही नसते; परंतु पहाटे रुग्णाची लघवीची पिशवी रिकामी करून तिचे माप सिस्टरांना सांगणे, रक्ताचा नमुना जिना उतरून प्रयोगशाळेच्या खिडकीशी नेऊन देणे, वॉर्डबॉय मामा सापडत नसतील तर ट्रॉलीचे एक टोक स्वतः धरून क्ष-किरण विभागापर्यंत जाणे, सलाईन संपत आले की धावत जाऊन कळविणे आणि या सगळ्याच्या मधल्या वेळात बाहेरच्या दुकानातून चिठ्ठीवरचे सामान आणणे, ही कामे तोच करतो. ‘अठरा नंबरचे नातेवाईक कोण?’ अशी हाक वॉर्डाच्या दारातून आली की तो हातातला घास ठेवून उठतो. एखाद्या दिवशी हे सगळे नातेवाईक ठरवून गैरहजर राहिले तर दुपारच्या आत आपली इस्पितळे अडून बसतील, हे आपणही खासगीत नाकारणार नाही.

आपणांसच का लिहितो, याचा खुलासा आधी करतो, कारण हा प्रश्न कोणाच्या अखत्यारीतला हेच मुळात संदिग्ध आहे. जिल्हा रुग्णालये आपल्या खात्याकडे, सर जे. जे. आणि ससून ही वैद्यकीय शिक्षण खात्याकडे; परळचे के.ई.एम. मुंबई महापालिकेकडे, आणि त्याच्याच शेजारचे, १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय थेट केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे. या चार मालकांच्या चार शिरस्त्यांतून ये-जा करणारा माणूस मात्र एकच असतो. जळगावहून किंवा गडहिंग्लजहून आलेला, खांद्याला पिशवी, पिशवीत तपासण्यांचे कागद, प्लॅस्टिकची चादर आणि चार्जर. त्याला यांतल्या एका तरी दाराशी उभे राहून विचारणे भाग होते, आणि आपल्या खात्याच्या नावात ‘सार्वजनिक’ हा शब्द असल्यामुळे मी आपले दार निवडले.

शासनाच्या लेखी हा माणूस अगदीच अदृश्य आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो तीन ठिकाणी दिसतो. पहिले ठिकाण संमतिपत्राच्या तळाशी, जिथे त्याची सही घेतली जाते. वास्तविक सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती ही त्याची स्वतःचीच असली पाहिजे. समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली, भूल दिलेल्या प्रौढ मुलीच्या वतीने तिच्या आईने दिलेला होकार ग्राह्य धरला नव्हता. तरीही वॉर्डातली वहिवाट अशी की कागद रुग्णाच्या डोक्यावरून पलीकडे उभ्या असलेल्या मुलाच्या हाती जातो. दुसरे ठिकाण रक्तपेढी, जिथे एका पिशवीच्या बदल्यात दुसरी देणारा कोणी आणा असे त्याला ऐकवले जाते. आणि तिसरे ठिकाण, जे वाचून मी बराच वेळ विचारात पडलो, ते वॉर्डाबाहेरच्या भिंतीवरचा फलक : वैद्यकीय कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यास २०१०च्या कायद्यान्वये शिक्षा होईल, अशी तंबी. तो कायदा आवश्यक आहे, वैद्यांवर हात उगारणाऱ्याची तरफदारी मी स्वप्नातही करणार नाही. पण सहीचा धनी, रक्ताचा जामीन आणि संभाव्य गुन्हेगार, या तीन नात्यांपलीकडे राज्याला नातेवाईकाशी काही बोलायचे नसावे, ही गोष्ट चमत्कारिक खरी.

आपल्या जुन्या वैद्यकाची दृष्टी याबाबतीत अधिक व्यवहारी होती. चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाय मानले : वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. परिचारकाच्या अंगी जे चार गुण हवेत म्हणून सांगितले, त्यांत उपचारांचे ज्ञान, दक्षता आणि शुचिता यांच्या जोडीला रुग्णाविषयीचा अनुराग हाही एक आहे. आजच्या वॉर्डात हे गुण मोठ्या विचित्र रीतीने वाटले गेले आहेत. ज्ञान परिचारिकेकडे आहे, पण तिच्याकडे खाटा इतक्या की अनुरागाला सवड नाही. अनुराग नातेवाईकाकडे ओतप्रोत आहे, पण त्याला ज्ञान द्यावे असे कोणाला वाटले नाही. माझी सारी दरखास्त एवढ्या एका मुद्द्याची आहे की ज्याच्या हातून आपण काम करून घेताच, त्याला ते काम शिकवा.

हे शिकवणे नसल्यामुळे काय होते ते मी घरच्या उदाहरणावरून सांगतो. इस्पितळाचे नाव सांगत नाही, कारण तिथल्या माणसांनी आपल्या परीने कसूर केली नाही आणि दुसऱ्या कोणत्याही इस्पितळात याहून वेगळे घडले असते असे मला वाटत नाही. माझ्या मातोश्री ऐंशीच्या घरातल्या. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले आणि अर्धा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा, असे सांगितले गेले. केव्हापासून आणि पाणीही नको की कसे, हे सांगितले गेले नाही, त्यामुळे भावजयीने भीतीपोटी घोटभर पाणीही दिले नाही आणि शस्त्रक्रियांची यादी लांबत गेल्याने दुपारी दोनपर्यंत म्हातारी ओठ चाटत पडून राहिली. घन अन्न सहा तास आणि निवळ पाणी दोन तास आधी बंद, हा सर्वसाधारण नियम कोणी खाटेला अडकवलेल्या पाटीवर खडूने लिहिला असता आणि यादी लांबल्यावर एकदा येऊन वेळ बदलली असती, तरी पुरे होते. शस्त्रक्रिया उत्तम झाली. आपल्याकडचे शल्यचिकित्सक हात धुऊन टेबलाशी उभे राहिले की जगात कोणालाही हार जाणार नाहीत, हे माझे मत त्या दिवशी दृढच झाले.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुरू झाली. दिवेलागणीला मातोश्री एकाएकी वेगळ्याच बोलू लागल्या. केव्हाच वारलेल्या त्यांच्या थोरल्या भावाने दारात बैलगाडी आणून उभी केली आहे आणि हे लोक आपल्याला बांधून ठेवत आहेत, असे म्हणत त्यांनी सलाईनची नळी ओढली, मग लघवीची ओढू लागल्या. स्त्रियांच्या वॉर्डात रात्री पुरुषाने थांबायचे नाही हा नियम असल्यामुळे (हा नियम योग्यच, परंतु त्याच्या आडोशाने घरोघरचे किती पुरुष रात्रीच्या जागरणातून सुटतात, याचाही कधी हिशेब व्हावा) भावजय तिथे एकटी होती. तिला वाटले, सासूबाईंना वेड लागले, किंवा भूल डोक्यात गेली, किंवा आता शेवट आला. ती रडत फोनवर आम्हांला बोलावू लागली. रात्रपाळीच्या सिस्टर आल्या, त्यांनी मातोश्रींचा हात धरला आणि भावजयीला म्हणाल्या, ‘अहो, म्हाताऱ्या माणसांना होतं असं ऑपरेशननंतर. दोन-चार दिवसांत उतरतं. चष्मा कुठंय त्यांचा?’

चष्मा कपाटात कुलूपबंद होता. शस्त्रक्रियेला नेताना काढून ठेवलेला तो परत लावायचा, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. सिस्टरांनी तो लावायला सांगितला, दिवसा खिडकीकडे तोंड करून बसवायला सांगितले, घड्याळ दिसेल असे ठेवा म्हणाल्या, भावाची गाडी आली म्हणतात तर वाद घालू नका, घरच्या गोष्टी बोलत राहा म्हणाल्या. आणि बोलणे आटोपून तापाचे आणि लघवीचे माप पाहून डॉक्टरांना कळवायलाही त्या विसरल्या नाहीत, कारण अशा भ्रमाच्या मुळाशी कधी कधी जंतुसंसर्गही असतो. ही सगळी शिकवण एका चहाच्या वेळात बसली. तिसऱ्या दिवशी मातोश्री वॉर्डाच्या मावशींना त्यांच्या साडीची किंमत विचारत होत्या. ती शिकवण शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मिळाली असती तर एका बाईची एक रात्र त्या भीतीत गेली नसती, आणि नळ्या पुन्हा घालण्याचे काम, ज्याला सामान लागते, वेळ लागतो आणि ज्याने म्हातारीला दुखते, तेही वाचले असते. रूक्ष जमाखर्चाच्या भाषेत बोलायचे तरी हा सौदा सरकारच्या फायद्याचा आहे.

मग घरी जाण्याचा दिवस आला. या दिवसाविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते सगळ्या व्यवस्थेचे सर्वांत कच्चे जोते तिथे आहे. सकाळच्या राउंडला ‘आज सोडू’ असे म्हटले जाते. डिस्चार्ज कार्ड तयार होईपर्यंत दुपार टळते. तोवर ज्या निवासी डॉक्टरांना रुग्णाची सगळी हकीकत ठाऊक असते ते शस्त्रक्रियागृहात गेलेले असतात. आणि कार्ड हाती येते ते इंग्रजीत, त्यातही निम्मे आद्याक्षरांत. ते कार्ड पुढच्या डॉक्टरासाठी लिहिलेले असते आणि त्यासाठी ते इंग्रजीतच राहो, माझे काही म्हणणे नाही. परंतु पुढचे सहा आठवडे ज्या बाईने काढायचे आहेत तिच्यासाठी लिहिलेला एकही कागद त्या पाकिटात नसतो. आम्हांला तोंडी जे सांगितले गेले ते असे : रोज पोटात एक इंजेक्शन द्या, मांडी घालू देऊ नका, टाके काढायला अमुक तारखेला या. इंजेक्शन कोणी द्यायचे, असे विचारले तेव्हा ‘घरात कुणी शिकलेलं असेल ना?’ असा प्रश्न आला. भावजय वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. तिने पहिले इंजेक्शन दिले तेव्हा तिचा हात इतका थरथरत होता की मातोश्रीच तिला धीर देत होत्या.

बेंबीपासून दोन बोटे सोडून कातडीची चिमूट धरावी, सुई सरळ घालावी, रोज बाजू बदलावी, नंतर ती जागा चोळू नये, ही चार वाक्ये आहेत. इंजेक्शन रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आहे, म्हणून पोटरी सुजली व दुखली, किंवा अचानक धाप लागली, तर तारखेची वाट न पाहता तत्काळ यावे, हे आणखी एक वाक्य. आणि ते पहिल्या चारांहून महत्त्वाचे आहे, कारण सुई चुकली तर पोटावर काळानिळा डाग पडेल, पण हे न कळल्यास जीव जाईल. मांडी घालू नये हे खरे, पण ज्या बाईने जेवण, पूजा, भाजी निवडणे आणि देहधर्म ही सगळी कामे आयुष्यभर जमिनीलगत केली तिने आता कुठे बसायचे? उंच खुर्ची हवी, कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, दोन पायांमध्ये उशी ठेवून कुशीवर वळवावे, चालताना वॉकर आधी पुढे मग दुखरा पाय, हे फिजिओथेरपीच्या ताईंनी एकदा दाखवले होते. ते दाखवताना भावजय औषधांच्या रांगेत होती.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची गोष्ट याहून कठीण. दर दोन तासांनी कूस बदलावी, माकडहाड आणि टाचा रोज उघड्या करून पाहाव्यात, तांबूस डागावर बोट दाबून उचलल्यावर तो पांढरा पडला नाही तर कातडी मरू लागली आहे असे समजावे, ही बोटभर परीक्षा ज्याला ठाऊक आहे त्याच्या घरी शय्याव्रण लवकर सापडतो. ज्याला ठाऊक नाही त्याच्या घरी तो वासाने कळतो, आणि मग त्याच रुग्णाला आपल्याच वॉर्डात महिनाभर खाट द्यावी लागते. लघवीची पिशवी कमरेच्या खालीच राहिली पाहिजे, नाकातल्या नळीने भरवताना आणि नंतर अर्धा तास तरी डोके उंच ठेवले पाहिजे. किती साध्या गोष्टी आहेत, आणि न सांगितल्या तर किती घातक.

यावर पहिला आक्षेप कोणता येईल हे मी जाणून आहे : परिचारिकांना वेळ कुठे आहे? भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकाप्रमाणे अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. प्रत्यक्षात रात्रपाळीला एका परिचारिकेच्या वाट्याला किती खाटा येतात, हे आपले खातेच अधिक चांगले सांगू शकेल. म्हणूनच मी एकेका खाटेशी शिकवण्याची मागणी करीत नाही. दुपारची वॉर्डातली निवांत वेळ पाहून दहा-बारा नातेवाईकांना एकत्र बसवावे, एका परिचारिकेने अर्धा तास हाताने करून दाखवावे आणि मग त्यांच्याकडून करवून घ्यावे. कर्नाटकात आणि पंजाबात सरकारी रुग्णालयांतून ‘केअर कंपॅनियन’ नावाने रुग्णांच्या कुटुंबीयांना अशाच रीतीने वॉर्डातच शिकवण्याचा उपक्रम झाला आहे. म्हणजे मी काही अघटित मागत नाही. आणि शिकवण्याची परंपरा म्हणाल तर ती आपल्याच घरची आहे. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनाने शतकापूर्वी विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणासाठी ससूनच्या वॉर्डात पाठविले तेव्हा, सभ्य घरच्या बायका परक्यांची मलमूत्रे काढणार काय, असे विचारणारे थोडे नव्हते.

दुसरा आक्षेप माझा मलाच आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. नातेवाईक शिकला की सरकार म्हणेल, आता परिचारिका कशाला? हे होता कामा नये. इंजेक्शन कसे द्यावे हे भावजयीला आले म्हणून वॉर्डातल्या इंजेक्शनांचे ट्रे तिच्या हाती देणे हा शुद्ध बेजबाबदारपणा ठरेल. शिकवावे ते घरच्यासाठी, आणि वॉर्डात जे तो आधीच करतो आहे ते नीट व्हावे यासाठी. रिक्त पदांची भरती हा वेगळा विषय आहे व तो तसाच आपल्या टेबलावर राहिला पाहिजे.

निवाऱ्याविषयी थोडक्यात. गाडगे महाराजांनी १९५४ साली जे. जे. इस्पितळाशी रुग्णांच्या नातेवाईकांसाठी धर्मशाळा उभारविली. देवळात न रमणाऱ्या त्या माणसाला, आजाऱ्याबरोबर आलेला माणूस रात्री कुठे पडतो, हा प्रश्न सुचला. राज्याला तो आजतागायत पुरता सुचलेला नाही. परळमध्ये नाना पालकर स्मृती समिती, दादरला गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा, अशी स्थाने लोकाश्रयावर चालतात आणि त्यांच्या दाराशी रांगा असतात. ज्यांना तिथे जागा मिळत नाही ते पदपथावर पथारी टाकतात, आणि पावसाळ्यात ती पथारी पुलाखाली जाते. नवी इमारत बांधताना तिच्या नकाशातच नातेवाईकांसाठी एक दालन, दोन स्वच्छतागृहे आणि कुलूप लावता येईल असे कप्पे असावेत, अशी अट घालण्यास वेगळा आयोग लागू नये.

रजेची बाब आपल्या एकट्याच्या हातची नाही, तरी मंत्रिमंडळात आपण बसता म्हणून मांडून ठेवतो. आईबापांचा व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह करण्याचे कर्तव्य २००७च्या कायद्याने मुलांवर टाकले आणि ते टाळणाऱ्यास न्यायाधिकरणापुढे उभे करण्याची सोय केली, हे उचितच. परंतु तोच मुलगा कारखान्यात कामाला असेल तर राज्य कामगार विम्याचा आजारपणाचा लाभ त्याला फक्त स्वतःच्या आजारात मिळतो. आईच्या खुब्यासाठी तो घरी राहिला तर त्याची मजुरी बुडते, आणि रोजंदारीवर असेल तर कामही जाते. शासकीय सेवेतील स्त्रियांना मुलांच्या संगोपनासाठी १८० दिवसांची रजा राज्याने मान्य केली, तिच्यामागचा विवेक वृद्धांच्या शुश्रूषेपर्यंत का पोचू नये, हे मला उमगलेले नाही.

तथापि या मोठ्या गोष्टींची वाट पाहत छोटी गोष्ट थांबू नये, म्हणून शेवटी तिच्याकडेच वळतो. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेची आखणी करताना कोणीतरी रुग्णाच्या परतीच्या एस.टी. भाड्याचाही विचार केला. ज्या शासनाला इतक्या बारकाईने पाहता येते त्याच्याकडे माझे मागणे जड नाही. आपल्या खात्याच्या रुग्णालयांत डिस्चार्ज कार्डाबरोबर, त्या त्या शस्त्रक्रियेचा, मराठीत मोठ्या अक्षरांत छापलेला एक पानी कागद द्यावा : काय करावे, काय करू नये, आणि कोणते लक्षण दिसताच तारखेची वाट न पाहता धावत यावे. कार्डावर एक ओळ वाढवावी, ‘नातेवाईकास करून दाखविले व करवून घेतले’, आणि तिच्यासमोर परिचारिकेची सही असल्याखेरीज कार्ड पुरे झाले असे मानू नये. त्या कागदाचा मसुदा मंत्रालयात कोणाकडून करवून घेऊ नये, ही विनंती. तो रात्रपाळी केलेल्या एखाद्या सिस्टरकडून लिहवून घ्यावा, छपाईला जाण्यापूर्वी एखाद्या वॉर्डात अठरा नंबरच्या नातेवाइकाला वाचून दाखवावा, आणि त्याला जिथे कळले नाही तिथे तो बदलावा.

कळावे,

आपला नम्र,
एका रुग्णाचा नातेवाईक